फॉर्ममधलं ‘नाही’

मी अकरा वर्षं आरोग्यविम्याची एजंट होते. आता नाही. काम का सोडलं असं कुणी विचारलं की ‘तब्येतीमुळे’ म्हणून मी मोकळी होते. ते खोटं आहे. खरं काय झालं ते एकदा सरळ लिहून टाकायचं आहे. त्या दिवसांत मी जितकी घाबरलेले तितकी आयुष्यात कधी घाबरले नव्हते, आणि ती भीती अजून पुरती गेलेली नाही.

आम्ही डोंबिवलीत राहतो. नवऱ्याची खाजगी कंपनीतली नोकरी गेली तेव्हा मी हे काम धरलं. आधी ओळखीच्यांत, मग त्यांच्या ओळखीच्यांत. डोंबिवली, कल्याण, मोहने आणि आठवड्यातून दोनदा ठाण्याला वागळे इस्टेट. दर तीन महिन्यांनी ठाण्याच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये कंपनीची मीटिंग असायची. तिथे एक साहेब पडद्यावर जगाचा नकाशा दाखवायचे. कुठल्या देशात किती लोक विम्याशिवाय जगतात, किती दुकानं आणि कारखाने एका आगीत, एका पुरात कायमचे बंद होतात, ते सांगायचे. “ही दरी आहे आणि ती तुम्ही बुजवायची आहे,” म्हणायचे. बाकीचे एजंट तोवर जेवणाच्या टेबलांकडे बघायला लागलेले असायचे. मला मात्र ते पटायचं. माझ्या सासऱ्यांच्या आजारपणात आमच्या घरातलं सोनं गेलं होतं. विमा नसलेलं घर कसं असतं ते मी आतून पाहिलेलं.

वागळेतल्या एका गाळ्यात एक जण दोन लेथवर पितळेचे भाग कातून द्यायचा. मूळचा साताऱ्याकडचा, पंचेचाळिशीच्या आसपासचा, कमी बोलणारा. मी त्याला भाऊ म्हणायचे. त्याची बायको दुपारी डबा घेऊन यायची आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसून तयार माल मोजून पिशव्यांत भरायची. दुसऱ्या लेथसाठी बँकेचं कर्ज काढलेलं, आणि बँकेने दोन्ही मशीनचा विमा सक्तीने काढायला लावलेला. ते कळल्यावर मी त्याला म्हटलं, “भाऊ, मशीनचा विमा झाला. मशीन चालवणाऱ्याचा?”

तो हसला. बायको हसली नाही. हातातली पिशवी खाली ठेवून ती म्हणाली, “ताई, यांचा काढाच तुम्ही. मी कधीची सांगतेय.”

आठवड्याभराने सकाळी, त्याची बायको यायच्या आधीच, मी टॅब घेऊन गेले. महिनाअखेर होती, माझं टार्गेट दोन पॉलिसींनी कमी पडत होतं, आणि लेथच्या आवाजात एकेक प्रश्न ओरडून विचारावा लागत होता. उंची, वजन, तंबाखू, ऑपरेशन. मधुमेहाचा प्रश्न आला तेव्हा त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, “शुगर निघालेली आहे, ताई. दोन वर्षं झाली. सकाळी एक गोळी घेतो.”

‘हो’ दाबलं की पुढे अजून एक पान उघडतं. कधीपासून, कुठली गोळी, कुठल्या डॉक्टरची. मग रक्ताच्या तपासण्या, मग कंपनीचा डॉक्टर, मग हप्ता वाढवून आलेलं पत्र. दोन-तीन आठवडे सहज जातात आणि अर्धे लोक मधेच माघार घेतात. हे सगळं माझ्या डोक्यातून जायला किती वेळ लागला असेल? मी ‘नाही’वर बोट ठेवलं. त्याला म्हटलं, “एका गोळीचं काही नसतं हो. तुम्ही फिट आहात.” मग म्हटलं, “मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा.”

त्याने सहा आकडे वाचून दाखवले आणि परत मशीन सुरू केलं. त्याच्या सहीच्या जागी ते सहा आकडे गेले. नंतर पॉलिसीचं जाडजूड पाकीट घरी गेलं, त्याच्या बायकोने ते देवघराच्या खालच्या कप्प्यात जपून ठेवलं. कुणी उघडून वाचलं नाही. कुणीच वाचत नाही.

पहिल्या वर्षी मी ते विसरलेही. दुसऱ्या वर्षी पॉलिसी रिन्यू करताना आठवलं. पॉलिसी पाच वर्षं सलग चालली की जुना आजार लपवला म्हणून कंपनी सहसा क्लेम अडवू शकत नाही, असा नियम आहे. मी ती वर्षं मोजायला लागले. सरळ त्याच्याकडे जाऊन ‘भाऊ, फॉर्ममध्ये चूक झालीय, पत्र देऊन दुरुस्त करू या’ म्हणता आलं असतं. पण मग चूक कुणाची हेही सांगावं लागलं असतं. वागळेत गेले की मी त्याच्या गाळ्यावरून न जाता मागच्या गल्लीने जायचे.

चौथं वर्ष संपत आलेलं तेव्हा त्याच्या बायकोचा फोन आला. सकाळची वेळ, मी भाजी निवडत होते. पितळेचा एक धारदार कीस त्याच्या चपलेतून तळपायात घुसलेला. साखरेमुळे पायाची जाणीव कमी झालेली, त्याला कळलंच नाही. आठवडाभर तो तसाच उभा राहून काम करत होता. मोजा काढल्यावर वास आला म्हणून बायकोने पाहिलं. आता ठाण्यातल्या एका खाजगी हॉस्पिटलात दाखल केलेलं.

“डॉक्टर ऑपरेशन म्हणतात, ताई. पण विमा आहे म्हटल्यावर जिवात जीव आला. तुम्ही याल ना?”

मी ‘येते’ म्हटलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या हातातली मेथी खाली सगळीकडे सांडलेली होती.

हॉस्पिटलात पोचले तर ती विम्याच्या काउंटरसमोर खुर्चीत बसलेली. मांडीवर पॉलिसीचं पाकीट, अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत. मला बघून उठली. “कागद पाठवलेत म्हणे कंपनीला. दोन तासांत मंजुरी येते म्हणाला काउंटरवरचा.”

मी विचारलं, “डॉक्टरांनी काय लिहिलंय?”

“यांनीच सांगितलं सगळं. सहा वर्षं शुगर आहे, गोळी चालू आहे. डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. बरं झालं ना? काही लपवलं नाही.”

मी मान हलवली. कंपनीत बसलेला माणूस आता स्क्रीनवर एका खिडकीत डॉक्टरांचा कागद उघडणार, दुसऱ्या खिडकीत आमचा फॉर्म. एकात सहा वर्षं, दुसऱ्यात ‘नाही’. ते त्याला दिसायला मिनिटभर लागणार नव्हतं.

दोन तासांनी मंजुरी आली नाही. प्रश्न आला. मधुमेह नेमका कधीपासून, जुने रिपोर्ट पाठवा. काउंटरवरचा म्हणाला, “रूटीन आहे, मॅडम.” त्याच्यासाठी असेल. मी त्या प्रश्नाचा अर्थ ओळखत होते. मंजुरी येणार नव्हती. तिथे बसलेल्या सगळ्यांत हे फक्त मला माहीत होतं.

दुपारी डॉक्टर खाली आले आणि तिला म्हणाले, “पायाचा काळेपणा वर सरकतोय. आज करायला हवं.”

तिने माझ्याकडे पाहिलं. “कंपनीचं येईपर्यंत थांबलं तर चालेल का, डॉक्टर? एवढ्यात येईलच.”

“थांबण्यात धोका आहे. ठरवा आणि सांगा,” म्हणून ते गेले.

त्या वेळी मी जे केलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मी उठले आणि डॉक्टरांच्या मागे गेले. वाटेत मनाशी वाक्य जुळवत होते. ‘डॉक्टरसाहेब, पेशंट घाबरून सहा वर्षं म्हणाला, खरं तर आत्ताच निघालीय, तेवढं बदलता का?’ वाक्य अगदी तयार झालं. दारावर टकटक करायला हात वर गेला. आत ते कुणाला तरी ड्रेसिंग समजावून सांगत होते, शांतपणे. मला माझीच भीती वाटली. एक खोटं झाकायला मी दुसरं घेऊन आलेले आणि मला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी परत फिरले. जिन्यात बसले आणि नवऱ्याला फोन केला.

फॉर्मचं सगळं त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “हे बघ, तू गप्प राहा. घरी ये. एजंट काय डॉक्टर असतो का? त्याने ओटीपी दिला, त्याने वाचायला हवं होतं.”

“त्याने मला सांगितलेलं, अहो. मशीन बंद करून सांगितलेलं.”

“साक्षीदार कोण आहे?”

कोणीच नव्हतं. ते ऐकून मला आधी हायसं वाटलं, हे लिहायलाच हवं. माझं लायसन्स, माझं नाव, सोसायटीतल्या बायका, सगळं वाचणार होतं. मी चहा घेतला. परत काउंटरपाशी गेले. तिच्या शेजारी बसले. ती मध्येच उठून काउंटरवर विचारून यायची, परत बसायची. असे दोन तास गेले. अजूनही मी ते दोन तास धरून बसलेय. तेव्हाच बोलले असते तर?

मग तिने पिशवीतून डबा काढला. सकाळी त्याच्यासाठी आणलेला, त्याला काही खायची परवानगी नव्हती. अर्धी भाकरी तिने माझ्या हातावर ठेवली. “तुम्ही पण सकाळपासून उपाशी. तुम्ही नसता तर मला काय कळलं असतं यातलं?”

तो घास माझ्या तोंडात जाईना. मी म्हटलं, “वहिनी, थांबू नका. ऑपरेशनला हो म्हणा. ते येणार नाही.”

“काय येणार नाही?”

“मंजुरी. फॉर्ममध्ये शुगर नाही असं लिहिलंय.”

तिला कळेना. “पण यांनी तर…”

“भाऊंनी मला सांगितलं होतं. मी लिहिलं नाही.”

मी वाट बघत होते ती ओरडेल, काहीतरी म्हणेल. काउंटरवरचा माणूस आमच्याकडे बघायला लागला. तिने माझ्या हातातली भाकरी परत घेतली, डब्यात ठेवली, डबा बंद केला. “म्हणजे सकाळपासून मी उगाच बसलेय,” एवढंच म्हणाली. आणि उठून डॉक्टरांकडे गेली.

ऑपरेशन संध्याकाळी झालं. डाव्या पायाची तीन बोटं आणि त्यांच्या मागचा थोडा भाग काढावा लागला. पैसे तिच्या भावाने आणि शेजारच्या गाळेवाल्यांनी उभे केले. मी आणलेले पैसे तिने घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, काल सकाळीच झालं असतं तर बोटं वाचली असती का? ते म्हणाले, “सांगता येत नाही. कदाचित एखादं. कदाचित नाही.” मी परत विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं. मला वाटतं, ‘हो’ म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं.

चौथ्या दिवशी तो बोलण्याच्या स्थितीत होता. मी दारात उभी राहिले. त्याने मला आत बोलावलं नाही, जा असंही म्हटलं नाही. म्हणाला, “मी मशीन बंद केलेलं, ताई. नीट ऐकू जावं म्हणून.”

“हो,” मी म्हटलं. “मी नीट ऐकलं होतं.”

नंतर माझ्या लक्षात आलं, आणि ते सगळ्यांत वाईट होतं. मी तेव्हा ‘हो’ दाबलं असतं, तर त्याच्या पॉलिसीत मधुमेहासाठी तीन वर्षांची थांबण्याची मुदत पडली असती. तीन वर्षं केव्हाच उलटून गेलेली. हप्ता थोडा जास्त भरून त्या सकाळी तो पूर्ण सुरक्षित असता. ज्या वर्षांत मी मागच्या गल्लीने जात होते, त्याच वर्षांत.

कंपनीने क्लेम नाकारला. मी घरी बसून एक पत्र लिहिलं. विमेदाराने मला आजार सांगितला होता, फॉर्ममध्ये मी तो लिहिला नाही, चूक माझी आहे. नवरा समोर बसलेला. म्हणाला, “पाठवल्यावर परत घेता येणार नाही.” मी म्हटलं, “माहीत आहे.” पोस्टातून ते रजिस्टर करून आले. पुढचे कित्येक दिवस दाराची बेल वाजली की वाटायचं, पोलीस आले.

पोलीस आले नाहीत. कंपनीची नोटीस आली, मग चौकशी, मग एजन्सी रद्द. क्लेम मात्र तरीही नाकारलेलाच. त्यांचं म्हणणं, फॉर्मची प्रत घरी पाठवलेली, वाचायला मुदत दिलेली, ओटीपी विमेदाराचा. मग प्रकरण विमा लोकपालांपुढे गेलं. सुनावणीला तो कुबडी घेऊन आला. मी दुसऱ्या बाकावर बसले. मला विचारलं तेव्हा जे घडलं ते सांगितलं, महिनाअखेर होती हेही सांगितलं. आवाज इतका लहान निघाला की दोनदा सांगावं लागलं. निकालात कंपनीचं आणि त्याचं, दोघांचंही थोडं थोडं बरोबर ठरलं. फॉर्म चुकीचा होता हे खरं, पण विमेदाराने लपवलं नव्हतं हेही खरं, म्हणून सहानुभूतीने खर्चाचा काही भाग द्यावा. तोवर दुसरी लेथ विकून झालेली होती.

एजन्सी जायच्या आधी, नोटीस हातात असतानाच मी दुसरं एक काम सुरू केलं. माझी गिऱ्हाइकांची वही काढली आणि पानापानावर आठवत बसले. कुणाच्या फॉर्ममध्ये मी काय गाळलं होतं? एकाचं ब्लडप्रेशर, एकीची थायरॉइड, एका दुकानदाराचा जुना अँजिओचा रिपोर्ट. ‘लिहायची गरज नाही’ हे मी जितक्या वेळा म्हटलं होतं तितक्या वेळा एकेक घर उघडं राहिलेलं, आणि त्या घरांना वाटत होतं आपण झाकलेले आहोत. मीटिंगमधल्या नकाशावर ही माणसं विमा असलेल्यांत मोजली गेली असणार.

मी घरोघर गेले. दुरुस्तीचं पत्र गिऱ्हाइकाने स्वतः द्यायचं असतं. मी समोर बसून लिहून घ्यायचे. काहींनी चहा दिला, काहींनी दार लावून घेतलं. अँजिओवाला दुकानदार कल्याणला भर दुकानात म्हणाला, “मॅडम, चांगलं चाललेलं त्यात कशाला माती कालवता? उद्या हप्ता वाढवतील, नाहीतर काढून टाकतील.” मी म्हटलं, “उद्या ॲडमिट झालात तर एकही पैसा मिळणार नाही.” तो चिडला. महिन्याने त्याने पत्र दिलं. त्याचा हप्ता वाढला, पॉलिसी राहिली. बहुतेकांची राहिली.

एकीची राहिली नाही. मोहन्याला जुन्या रेयॉन कारखान्याच्या बाजूला एक विधवा बाई ब्लाउज शिवते. साठीची, एकटी. तिला पूर्वी किडनीचा त्रास झालेला, तो मीच गाळलेला. माझ्या सांगण्यावरून तिने पत्र दिलं, आणि कंपनीने तिची पॉलिसीच रद्द केली. ते पत्र घेऊन ती डोंबिवलीला माझ्या घरी आली. रागावली नाही. सोफ्याच्या कडेला बसून विचारलं, “आता मला काय झालं तर?”

तिच्याजवळ जे कागदाचं का होईना पांघरूण होतं तेही मी खरं बोलायला लावून ओढून घेतलेलं. पुढचे काही आठवडे ती आजारी पडेल या धास्तीने मी रोज सकाळी तिला फोन करायचे. तिच्या ते लक्षात आलं. म्हणायची, “ठीक आहे हो मी. तुम्ही जेवलात का?”

शेवटी सरकारी आरोग्य योजनेच्या कार्डासाठी मी तिला घेऊन गेले. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, तीन खेपा झाल्या. नावाच्या स्पेलिंगवरून एकदा अर्ज परत आला. चौथ्या खेपेला काउंटरवरच्या मुलीने तिचा अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला. शिवणकामाने अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. तिने अंगठा पदराला पुसला, परत ठेवला. घेतला.

आणि मग ती त्या मुलीला सांगायला लागली. किडनीला सूज आलेली, किती साली, कुठल्या हॉस्पिटलात, कुठल्या गोळ्या, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू उतरतोय, लहानपणी कावीळ झालेली. मुलगी म्हणाली, “आजी, हे इथे विचारत नाहीत.”

“तरी लिही बाई कुठेतरी,” ती म्हणाली.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. मागे रांग ताटकळलेली होती. मी पर्समधून कागद काढला, काउंटरच्या कडेला टेकवला आणि ती सांगेल ते सगळं, कावीळसुद्धा, लिहून घेतलं.